क म्हणजे माझे मामा नव्हेत

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार पोचावा. (तीर्थरूप हे फक्त आईवडिलांना लिहायचे असते, म्हणून तुम्हांला तीर्थस्वरूप लिहिले आहे. आदरात काही कपात केली असे समजू नये; उलट एक अक्षर जास्तच पडले आहे.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामीचा खोकला खरोखर गेला, की गेला असे सांगून ती अजून गच्चीत जाऊन खोकते? इकडे सर्व ठीक आहेत. या ‘सर्व’ मध्ये मी स्वतःला धरलेले नाही. पत्राला विशेष कारण नाही, सहज आठवण आली म्हणून लिहीत आहे. इथपर्यंतचा मजकूर मामीसमोर मोठ्याने वाचला तरी चालेल. पुढचा मात्र दुकानात नेऊन एकट्याने वाचावा, आणि वाचताना गिऱ्हाईक आलेच तर त्याला कोणत्याही कपाटाविषयी काहीही न सांगता आधी पत्र संपवावे.

माझी शाळा दहावीच्या अलीकडेच सुटली हे तुम्ही जाणताच, पण शुद्धलेखन सुटले नाही, आणि त्या एका गुणावर मी वकीलसाहेबांकडे टंकलेखक म्हणून टिकून आहे. ऑफिस म्हणजे एक खोली, मध्ये फायलींचे कपाट उभे करून दोन केलेली. पलीकडे साहेब अशिलांशी बोलतात आणि अलीकडे मी, काही ऐकू येत नाही असा चेहरा करून सगळे टाइप करतो. (ते कपाट खरोखर जुने आहे. तुमच्यामुळे सवय लागली आहे, मी पहिल्याच दिवशी मागची फळी पाहिली.) साहेबांनी यंदा विद्यार्थ्यांसाठी एक छोटे पुस्तक लिहायला घेतले: फसवणूक आणि अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यांतल्या मुख्य संज्ञा, प्रत्येकीची व्याख्या आणि व्याख्येखाली उदाहरणे. व्याख्या साहेब येरझाऱ्या घालत सांगायचे आणि मी उतरवून घ्यायचो. घोडे अडले ते उदाहरणांपाशी. साहेबांना सुचत ती सगळी जहाजे बुडाल्याची आणि हिरे हरवल्याची. “अरे, घरातलं काहीतरी पाहिजे,” ते शेवटी वैतागून म्हणाले, “पोरांना झटकन पटेल असं. तूच लिही. जरा कल्पना लढव.” मामा, मला कल्पना लढवता येत नाही. मला फक्त जे घडले ते शुद्ध लिहिता येते.

आता तुमच्या लक्षात यायला लागले असेल, तरी कृपया पत्र टाकून देऊ नये.

कायद्याच्या पुस्तकात माणसांना नावे नसतात. क हा कोणाला तरी काहीतरी सांगतो, ऐकणारा ते खरे मानतो, आणि पुढे व्हायचे ते होते. तेव्हा एका अक्षराच्या आड कोण कोणाला ओळखणार, असे मला वाटले. फसवणूक ही पुस्तकातली पहिली संज्ञा, आणि क हे पहिले व्यंजन (यात दुसरे काही कारण शोधू नये), म्हणून तिथे मी लिहिले की क हा फर्निचरचा व्यापारी असून तो नवे कपाट साखळीने बडवतो, चहाच्या पाण्याने पुसतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, “हे आजोबांच्या खोलीतलं आहे.” गिऱ्हाईक ते शंभर वर्षांचे समजून घेऊन जाते.

तुम्ही म्हणाल, पण ते आजोबांच्या खोलीतलेच होते. होते. शनिवारी ठेवले होते आणि सोमवारी काढले, मधल्या काळात आजोबांनी त्यावर टोपीही ठेवली होती, ती मी स्वतः पाहिली आहे. म्हणून तर मी साहेबांना खोदून विचारले की वाक्य अक्षरशः खरे असेल तर फसवणूक कशी होईल. साहेब खूश झाले. म्हणाले, शब्द खरे असून भागत नाही, ऐकणाऱ्याच्या मनात काय उभे करायचे होते ते पाहतात. आजोबा म्हटले की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे शंभर वर्षे उभी राहणार हे क ला ठाऊक होते, आणि ती शंभर वर्षे पाहूनच गिऱ्हाइकाने खिशात हात घातला. नुसती थाप असती तर गोष्ट वेगळी. “थाप ही आपल्याकडे संज्ञाच नाही,” साहेब म्हणाले. “थाप ऐकून समोरच्यानं काही काढून दिलं, की तिथून आपलं काम सुरू.” हे ऐकून मला तुमच्याबद्दल बराच धीर आला, कारण तुमच्या निम्म्याहून अधिक थापा ऐकून कोणीही काहीही देत नाही.

एकदा लिहायला लागल्यावर मला घरातच उदाहरणे सापडत गेली. अपहार म्हणजे चोरी नव्हे, हे मलाही नवीन होते. चोरीत वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून उचलावी लागते. अपहारात ती आपल्या पायांनी आपल्याकडे आलेली असते, आपण फक्त तिला परत जाऊ देत नाही. तिथे मी ख घातली, म्हणजे आत्या. तिच्याकडे एक बाई छत्री विसरून गेल्या होत्या. विसरल्या म्हणजे त्यांना नकोच असेल, असे ठरवून आत्याने आधी छत्रीचे कापड बदलले आणि नंतर मूठ. त्या बाई पुन्हा आल्या आणि कोपऱ्यातल्या छत्रीकडे एकटक पाहू लागल्या, तेव्हा आत्या शांतपणे म्हणाली, “यात तुमचं आता राहिलंय काय? काड्या.” हे टाइप केलेले वाचताना साहेब इतके हसले की पलीकडच्या अशिलाला आपला खटला जिंकल्यासारखे वाटले.

न्यासभंगाला, म्हणजे विश्वासाने सोपवलेली वस्तू आपलीच समजून वापरण्याला, मी ग घेतले. ग म्हणजे बाबा. शेजाऱ्यांनी परगावी जाताना आरामखुर्ची सांभाळायला दिली होती आणि बाबांनी ती अत्यंत मनापासून, रोज जेवणानंतर, सांभाळली. शेजारी परत येऊन तीत बसले तर घसरून खाली आले, कारण खुर्चीला बाबांचा आकार आला होता. बिचारे खुर्ची आमच्याकडेच ठेवून गेले. तोतयेगिरीला घ, म्हणजे वहिनी. ती हुबेहूब आईच्या आवाजात फोन घेते आणि नको त्या पाहुण्यांना आम्ही गावाला चाललो आहोत असे सांगते. एकदा चुकून तिने बाबांनाच तसे सांगितले आणि बाबा त्या दिवशी बाहेर जेवून आले. शिवाय तोतयेगिरीला दुसरे उदाहरण हवे होते, म्हणून दातांच्या दवाखान्यात ‘मी डॉक्टरांचा भाऊ’ असे सांगून रांगेत पुढे जाणारा क पुन्हा आणावा लागला. (नंतर खरा भाऊ आला तेव्हा तुम्ही त्याला मिठी मारलीत, हे मी लिहिलेले नाही. ते कोणत्याच संज्ञेत बसेना.)

माझी चूक झाली ती इथे. कायद्याच्या पुस्तकांत क हा प्रत्येक उदाहरणात निराळा असतो. एका पानावर विधुर, दुसऱ्या पानावर विमा एजंट, आणि कोणाला त्याचे काही वाटत नाही. मला वाटले. एकच अक्षर दोन माणसांना लावणे मला अव्यवस्थित वाटले, म्हणून मी पहिल्यापासून शेवटपर्यंत क म्हणजे एकच, ख म्हणजे एकच, असे कटाक्षाने ठेवले. ख ही ग ची बहीण आहे, घ ही ग ची सून आहे, क हा सणसमारंभ नसतानाही ग च्या घरी जेवायला येतो, हे सगळे शेवटपर्यंत बरोबर जुळते. कोठेही विसंगती नाही. मी तीन वेळा तपासले.

आणि हे पुस्तक तपासायला गेले कोणाकडे, तर कानामात्रांकडे. हे छापखान्यातले मुद्रितशोधक. त्यांना सगळे तोंडावरही कानामात्रा म्हणतात आणि त्यांना ते आवडते. छापखान्याच्या पोटमाळ्यावर त्यांचे टेबल आहे, वर लोंबता दिवा, खाली यंत्र चालू झाले की टेबलावरची टाचण्यांची डबी आपोआप सरकत कडेपर्यंत येते आणि ते न बघता ती परत मागे सारतात. त्यांच्यासमोर बसून मूळ प्रत मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम त्यांची मुलगी करते. ती वाचते आणि ते छापलेल्या कागदावर नजर ठेवून खुणा करतात. विरामचिन्हेसुद्धा वाचावी लागतात. मामा, मी कच्ची छपाई आणायला-पोचवायला तिथे जात असे आणि जिन्यावर उभा राहून ऐकत असे. “क हा, स्वल्पविराम, आपला हेतू लपवून, स्वल्पविराम, ग च्या घरात शिरतो, अर्धविराम.” अर्धविराम हा शब्द इतक्या आपुलकीने म्हटलेला मी आजवर ऐकला नव्हता. मी पुढच्या प्रकरणांत गरज नसताना तीन-चार घातले. तिच्या ते लक्षात आले. एकदा जिन्यात गाठून ती म्हणाली, “इथे पूर्णविराम चालला असता.” मी म्हटले, “हो, पण तो लगेच संपतो.” एवढेच बोलणे झाले, पण त्या दिवसापासून आम्ही दोघेही जिना फार सावकाश उतरतो. (तिचे नाव लिहीत नाही. पत्र तुम्ही दुकानात नेले असले तरी मामी ते शोधून काढणार.)

गेल्या आठवड्यात मी धीर करून तिच्या वडिलांसमोर जाऊन बसलो. काय बोलायचे ते घरी लिहून, तपासून, पाठ करून गेलो होतो. कानामात्रांनी चष्मा कपाळावर सारला आणि माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग अगदी साधेपणाने, कोणीही विचारावे तसे त्यांनी विचारले, “घरी कोण कोण असतं?”

मी म्हणालो, “क म्हणजे माझे मामा नव्हेत.”

मामा, खरेच सांगतो, तोपर्यंत तुमचा विषयसुद्धा निघाला नव्हता.

कानामात्रांनी गठ्ठ्यातून आमची पाने काढली आणि चष्मा खाली घेतला. “बरं,” ते म्हणाले, “मग ख तुमची आत्या नसेल.” मी नाही म्हणालो. “आणि ग?” मी म्हणालो, ते तर मुळीच माझे वडील नाहीत. “घ?” मी म्हणालो, वहिनी फार चांगल्या स्वभावाची आहे. खाली यंत्र चालू झाले. डबी कडेपर्यंत आली ती मीच मागे सारली.

मग ते म्हणाले की आयुष्यभर कायद्याची पुस्तके तपासली, पण माणसे शेवटपर्यंत एकसारखी राहिलेले हे पहिलेच पुस्तक. दुसऱ्या प्रकरणापासून त्यांना पुढे क काय करतो याची उत्सुकता लागली होती; दवाखान्याच्या पानावर तर खूण करायचीच राहिली. “पण मला एक सांगा,” ते म्हणाले, आणि आवाज जरा खाली आणला, “ज्या घरात एकही संज्ञा उदाहरणावाचून राहिलेली नाही, त्या घरात मी मुलगी कशी द्यायची?”

मी सांगून पाहिले की गुन्हा होण्यासाठी अप्रामाणिक हेतू लागतो, आणि अप्रामाणिक म्हणजे आपला गैरलाभ किंवा दुसऱ्याची गैरहानी करण्याचा हेतू, आणि आमच्या घरात लाभ असा सहसा कोणाला होतच नाही. त्यांनी मान डोलावली. व्याख्या बरोबर आहे म्हणाले. पण उठताना त्यांनी अट घातली ती घातलीच: “बोलायला कोणीतरी वडीलधारं माणूस पाठवा. फक्त पुस्तकात नसलेलं.”

मी घरी येऊन सगळी मोठी माणसे आठवून पाहिली. सगळी पुस्तकात आहेत. राहिली एकटी आई, ती पुस्तकात जिथे आली आहे तिथे फक्त फसलेली आहे, त्यामुळे तिच्यावर काहीच येत नाही. पण तिला पाठवावे तर ती पुस्तकात नसलेलेही सांगून येईल. चहाचे पाणी कोणत्या पातेल्यात उकळले होते, इथपासून. शेवटी मी शेवटच्या तपासणीत, साहेबांना न विचारता, पहिल्या पानावर एक तळटीप घुसवून दिली: ‘उदाहरणांतील क हा प्रत्येक ठिकाणी निराळा मानावा.’ दुसऱ्या दिवशी पाने परत आली. कानामात्रांनी तळटीप खोडली नव्हती. समासात फक्त बारीक अक्षरात लिहिले होते, ‘खरे का?’

तळटीप मी स्वतःच काढून टाकली. त्यांची मुलगी जिन्यात भेटली तेव्हा कठड्याला बोट लावून खाली पाहत म्हणाली की वडिलांनी एकदा घातलेली खूण ते परत घेत नाहीत, पण समोरून नीट उत्तर आले तर खुणेवर रेघ मारतात. मी रात्रंदिवस त्या नीट उत्तराचा विचार करतो आहे. टाइप करताना हल्ली माझ्याकडून चुका होतात. काल मी ‘आरोपी’ च्या जागी ‘आरोही’ लिहिले आणि ते साहेबांनी दाखवल्यावर कळले. माझ्या बाबतीत हे कधी झालेले नाही.

असो. तुम्हांला उगाच काळजीत टाकण्याचा हेतू नाही. तुम्ही व्यवहार जाणता, चार माणसांत वावरता, म्हणून मन मोकळे केले. मामीला नमस्कार. धाकटे तुमच्या घरी कोणी नाही, म्हणून आशीर्वाद शिल्लक ठेवले आहेत.

तुमचा आज्ञाधारक

भाचा

ता. क. (यातला क म्हणजे कलम, तुम्ही नव्हे.) येत्या रविवारी सकाळी तुम्ही इकडे यावे. गुडघ्याचे कारण सांगू नये. छापखान्याच्या जिन्यावर मी मागून आधार देईन. अंगात साधा सदरा असावा. तिथल्या लाकडी कपाटावर बोटाने ठोकून पाहू नये आणि ते कोणाच्या खोलीतले आहे असे विचारू नये.

ता. क. दुसरा. कानामात्रांनी तुमच्या पत्राचा उल्लेख केला तर दचकू नये. तुम्ही त्यांना पत्र लिहिले आहे. म्हणजे मी लिहिले आहे, तुमच्या नावाने, तुमच्या सहीसकट. त्या सहीचा शेवटचा फराटा जमायला बरेच कागद गेले. या प्रकाराला बनावट दस्तऐवज म्हणतात, व्याख्या मीच टाइप केलेली असल्यामुळे अज्ञानाची सबब मला नाही. एवढे खरे की दुसऱ्याची मालमत्ता लाटण्याचा हेतू यात नाही, कारण मुलगी ही मालमत्ता नव्हे असे मी ठाम मानतो. पण फसवण्याचा हेतू पुरेपूर होता, त्यामुळे तेवढ्याने सुटका नाही. तुम्ही नेहमी ‘आशिर्वाद’ असे ऱ्हस्व लिहिता, तेही तसेच लिहायचा मी प्रयत्न केला. हात वळेना. शेवटी दीर्घच लिहिले. पत्रात मी एवढेच म्हटले होते की आमचे घराणे सरळ आहे, मी तुमचा भाचा असून वर्तणूक चांगली आहे, आणि तुम्ही भेटीला येऊ इच्छिता. वाचून मलाच ते नोकरीच्या अर्जासारखे वाटले.

ता. क. तिसरा, आणि हा महत्त्वाचा. दिवसभर अक्षरे बघून कानामात्रांचे डोळे शिणतात, म्हणून घरची पत्रे त्यांना मुलगीच वाचून दाखवते. तुमच्या नावाचे हे पत्रही तिनेच वाचले. आज सकाळी जिन्यात तिने मला सांगितले की पहिल्याच ओळीत, त्या दीर्घ शी वरून, पत्र कोणाचे आहे ते तिने ओळखले (आशीर्वाद बरोबर लिहिणारा तिच्या पाहण्यात मी एकटाच), आणि घराणे सरळ आहे इथे आल्यावर वडिलांची भुवई वर जाताना पाहून तिने माझा मजकूर सोडून दिला आणि तुमच्या नावाने स्वतःच एक वाक्य वाचले. ते असे: “माझ्या भाच्याला खोटं बोलता येत नाही; प्रयत्न करतो, पण जमत नाही.” मध्ये अर्धविराम होता, तो तिने वाचला. कानामात्रा खूप वेळ हसत राहिले, आणि म्हणाले की हे लिहिणारा माणूस पुस्तकात असला तरी चालेल, त्याला रविवारी बोलवा. मी तिला म्हटले की हे फार गंभीर आहे, यात तूही आलीस. ती म्हणाली, “मग लिहा ना मला सहआरोपी,” आणि नेहमीपेक्षा भरभर जिना उतरून गेली.

तेव्हा मामा, तेवढे वाक्य पाठ करून यावे. ते तुम्ही मनापासून लिहिले आहे.